तीन पिढ्यांची वायनरी

गोराईच्या टेकडीवरच्या आपल्या जांभूळ वायनरीचा इतिहास एल्टन दर रविवारी पाहुण्यांना रंगवून सांगायचा. आजोबा फिलिप यांनी ती सुरू केली, पपांनी वाढवली आणि आता तो स्वतः सांभाळतो.

या रविवारी पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "मी पोलिसात होतो. तुम्हाला परवाना मिळायच्या आधी इथे धाड घालायला मीच आलो होतो. फिलिपना नेणार, तेवढ्यात त्यांची मुलगी पुढे आली. म्हणाली, वाइन मीच बनवते, पपांना सोडा. खोटं वाटेना, कोपरापर्यंत हात जांभळे होते तिचे. दोन दिवस कोठडीत काढले बिचारीने. कुठे असते ती आता?"

एल्टनला त्यांच्याकडे बघवेना. तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. आत त्याची इनेझ आत्या ग्लास धूत होती.

"आत्या, जरा बाहेर ये ना."



"पाहुणे गेले का रे?" तिने विचारलं. "तूच म्हणतोस ना, ते असताना बाहेर येत जाऊ नकोस."