यंदाचा गुंजनपक्षी

"हा आपल्याकडचा! आई, हा फक्त आपल्याच खोऱ्यात असतो!" नेलिदा चित्र नाचवत ओरडली. गॅसच्या ट्रकवाल्याने ते आत्ताच दारात देऊन पाठ फिरवली होती.

सोइलाने पिठाचे हात तसेच झग्याला पुसले. मुलगा एल्मेर घर सोडून गेल्यापासून दरवर्षी तिच्या नावाच्या संताच्या सणाला असं एक चित्र येई. पत्ता नाही, दोन ओळी नाहीत. नुसता एक गुंजनपक्षी, फुलांवर भिरभिरणारा चिमुकला हमिंगबर्ड. नेलिदा पर्यटकांना पक्षी दाखवत रानात हिंडणारी. चोच, गळा, शेपूट बघून ती पक्षी ओळखायची, आणि पक्ष्यावरून भाऊ कुठे आहे ते. एकदा समुद्रकाठच्या वाळवंटातला आला, एकदा पार दक्षिणेतल्या डोंगरातला. आणि आज हा! निळा तुरा, चमकता गळा, शेपटीला तारेसारखं लांब पीस आणि त्याच्या टोकाला जांभळा चमचा.

"म्हणजे आलाय गं माझा पोरगा! जवळ आलाय!" सोइलाला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

"काही आलाबिला नाही," चुलीपाशी बसलेले नेलिदाचे वडील सेगुंदो गुरगुरले. कॉफीची बाग सोडून रंग फासत बसतो म्हणून पोराला घराबाहेर काढणारे तेच. "लहानपणापासून बघितलेला पक्षी. तिकडे राजधानीत, लिमात बसून डोळे मिटूनही काढेल तो."

नेलिदाचा चेहरा उतरला. खरंच की! पक्षी ओळखला, पण तो आठवणीतून काढला असेल तर काय उपयोग? शिवाय आता तिला चूकही दिसली.

"नराला दोन चमचे असतात. याने एकच काढलाय. विसरला वाटतं आपल्याकडचं सगळं."

"बघू इकडे." सेगुंदोंनी चित्र हिसकावून उजेडात धरलं. मग शेपटीवर बोट टेकवून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, काय झालं?" सोइला घाबरली.

"विसरला नाहीये गाढव. आपल्या कुंपणावर येतो ना एक, त्याचा डावा चमचा परवाच्या गारांत तुटला. मी स्वतः पाहिलाय, आणि त्यानेही, इथंच उभं राहून."

ते ताडकन उठले. दार सताड उघडलं आणि बागेकडे तोंड करून घसा फुटेस्तोवर ओरडले, "एल्मेर! किती वेळ झाडामागं उभा राहणार आहेस? आत ये, आम्ही जेवायला थांबलोय!"