पूर्वजांचे वारस

"आपले पूर्वज चरबीवर जगायचे. प्रोटीन एका वेळी चाळीस ग्रॅम, बस्स! त्याच्या वर एक ग्रॅम गेला की शरीर बिघडलंच," असं आमचे भावोजी सोफ्यावर लोळत सगळ्यांना ऐकवतात. यांच्या हातून शिकार सोडा, साधं झुरळ मरत नाही. मटण आणायचं, शिजवायचं आणि तुकडा न् तुकडा वजनकाट्यावर तोलून यांच्या पुढ्यात ठेवायचा, हे सगळं नर्सची नोकरी करून माझी ताईच करते.

काल ताई दोन ड्युट्या ओढून घरी आली, तर सकाळी शिजवून ठेवलेलं पातेलं जसंच्या तसं आणि भावोजी भुकेनं अर्धमेले.

"अहो, वाढून घ्यायचं ना!"

आदिमानव कळवळून म्हणाला, "घेणार कसं? काट्यातला सेल संपलाय!"