चंदीची बादली

गिऱ्हाइकाने शिंगराचे दात पाहिले, पाय चाचपले, तरी त्याचं मन मानेना. शेवटी ट्रेनरने स्टॉपवॉच त्याच्या नाकासमोर धरलं. "हजार मीटर, साठ सेकंद! दोन वर्षांचं पोर आहे साहेब. आकडा खोटं बोलत नाही."

गिऱ्हाइकाने सहीसाठी पेन काढलं. सहज म्हणून शिंगराची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला विचारलं, "मामा, खरंच एवढं पळतं?"

"पळतं की! फक्त चंदीची बादली घेऊन, दाणा दाखवत, मला पुढे पळावं लागतं."

"साठ सेकंद मोजले त्या दिवशीही तुम्ही पुढे होतात?"

"शेवटपर्यंत. बादलीला तोंड लावू दिलं नाही. गुडघे दुखत होते, नाहीतर दोन सेकंद आणखी वाचले असते."

गिऱ्हाइकाने शिंगराकडे पाठ फिरवली, चष्मा चढवला.

"मामा, जरा आ करा बघू."