पट्ट्यांची शिवण

"अहो, सरळ आलीय का हो ही शिवण?"

टेलरमास्तरांनी चष्मा वर सरकवला. शिवण कसली, घाटातला रस्ता नुसता!

"अगदी सुतात आहे," ते म्हणाले.

बायको खूश झाली. हल्ली बोटं थरथरतात, असं ती सारखं म्हणायची. पण कापडाचा हट्ट काही सुटत नव्हता. आफ्रिकेतले विणकर अरुंद पट्ट्या विणून त्या एकमेकींना जोडतात, वाळवंटातल्या भटक्या टोळ्या तंबूही पट्ट्या जोडूनच करतात, हे तिनं कुठंसं पाहिलं आणि घरात छोटा माग आणून तेच सुरू केलं. आता पुढच्या आठवड्यात प्रदर्शन, तेही पहिलंवहिलं. भिंतभर कापड टांगायचं होतं.

मास्तरांना एकच धास्ती होती. असल्या शिवणीला लोक हसणार. आणि एकदा का हसले, की ही पुन्हा मागावर बसायची नाही.

म्हणून दुपारी तिचा डोळा लागला, की ते हळूच शिवण उसवायचे आणि नव्यानं घालायचे. खरं तर दुकान बंद पडलं तेव्हाच सुईला हात न लावण्याची शपथ घेतली होती त्यांनी. त्यानंतर शर्टाचं बटणसुद्धा लावलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून बसायचे, अन्नावरची वासना उडालेली. पण बायकोसाठी शपथ मोडली तर मोडली, कुणाच्या बापाचं काय जातंय!

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. त्यांनी एका पट्टीची नक्षी शेजारच्या पट्टीशी तंतोतंत जुळवून टाकली. जन्मभर शर्टांच्या चौकड्या जुळवलेला माणूस तो! बायकोला मात्र ती आफ्रिकेतल्या कापडासारखी मुद्दाम मागेपुढे हवी होती.

"अगंबाई, नक्षी सरकली की काय?" ती पुटपुटली, तेव्हा मास्तरांना दरदरून घाम फुटला. तेव्हापासून ते जीव मुठीत धरून नक्षी चुकवायला लागले.

प्रदर्शनवाल्या बाई कापड बघायला आल्या. शिवणीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "काय हात आहे हो तुमचा!"

बायको लाजली. मास्तर खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसले. त्या दिवशी जेवताना त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

शेवटची पट्टी तेवढी उरली. सकाळी बायकोनं त्यांना दूध आणायला पिटाळलं. अर्ध्या जिन्यात त्यांना आठवलं, पाकीट घरीच राहिलं. परत आले तर दार नुसतं लोटलेलं.

फटीतून बायको दिसली. तिनं एका झटक्यात सुईत दोरा ओवला. मग भराभर टाके घालत गेली, बोट जरासुद्धा हललं नाही. शिवण अशी सरळ, की मास्तर बघतच राहिले.

टोकाशी पोचल्यावर तिनं ती सगळी उसवली आणि जीभ दातांत धरून, अगदी मन लावून, वेडीवाकडी घालायला बसली.