ओली भिंत

“डोळे उघड आता!” म्हणत रंगाऱ्याने बायकोला खोलीत आणलं, आणि तिचं डोकंच फिरलं.

दारामागची भिंत कोरी करकरीत झाली होती. फिकट आकाशी. रंग अजून ओला होता.

“माझ्या रेघा कुठायत?”

“त्या पेन्सिलीच्या होय? घासून काढल्या. किती घाण दिसत होतं ते!” स्वारी खुशीत होती. जन्मभर लोकांच्या भिंती रंगवल्या, घरची आज पहिल्यांदा. “म्हटलं, तू दवाखान्यातून येईपर्यंत उरकून टाकू. तुझं मन प्रसन्न होईल.”

“मला विचारलंत?”

स्तनाचं ऑपरेशन झाल्यापासून तिला कुणी काही विचारतच नव्हतं. वरच्या फळीवरचे डबे खाली आले, केस सासू विंचरायची, हात जरा उचलला की घरभर ‘अगं अगं’. खांदा आखडत चालला होता. काखेतली कळ पार बोटांपर्यंत जायची. सकाळी उठावंसंच वाटायचं नाही. उठायची ती एकाच गोष्टीसाठी. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, बोटांनी भिंत चढायची आणि पोचाल तिथे रेघ मारायची. काल रेघ दिव्याच्या बटणाच्या वर गेली होती.

सासू दारातून डोकावली. “एवढं काय आभाळ कोसळलं गं? बिचाऱ्याने हौसेने केलं. दुखतंय तर गप आराम करावा.”

“आरामानेच मरतेय मी, आई!” ती ओरडली. “कॅन्सरने नाही मेले. तुम्ही दोघं मारताय मला, लाड करून करून!”

तिने बोटं भिंतीवर टेकवली.

“अगं, रंग ओला आहे...”

“असू दे!”

बोटं वर सरकू लागली. मागे आकाशी रंगात ठसे उठत गेले. बटणापाशी कळ आली. तिने दातओठ खात एक सणसणीत शिवी हासडली, कुणाला ते कळलं नाही, आणि हात आणखी वर रेटला.

ठसे बघून रंगाऱ्याने सवयीने रोलर उचलला.

“खबरदार!”

त्याने रोलर बादलीत ठेवला. कानावरची पेन्सिल काढली आणि नुसताच उभा राहिला.

तिने हात खाली घेतला नव्हता. “बघता काय? ओढा रेघ,” ती धापा टाकत म्हणाली. “आणि वर जागा ठेवा.”