मिरजेची किल्ली

गेल्या रविवारी बत्तीसपैकी बावीस किलोमीटर धावल्यावर मी घरात शिरले होते. रस्ता दारावरूनच जातो, पोटऱ्यांत गोळे आले होते आणि मन म्हणालं, पाणी पिऊन लगेच निघू. सोफ्यावर बसले ती उठलेच नाही.

म्हणून या वेळी किल्ली शनिवारीच मिरजेला ताईकडे ठेवून आले. बत्तिसावा किलोमीटर तिच्याच दारात संपणार होता. पहाटे निघताना कुलूप नुसतं दाबून लावलं आणि मनाला म्हटलं, आता शिर बघू घरात!

बावीस पुरे करून सांगलीतल्या आमच्या गल्लीत आले, तेव्हा उजवा गुडघा ठणकत होता, ओठांवर घामाचं मीठ साचलं होतं. कुलूप बघून बरं वाटलं.

तेवढ्यात समोरच्या चोपडेकाकू फाटकाशी आल्या. त्यांच्या हातात माझी किल्ली!

"तुझे दाजी मघाशी देऊन गेले. म्हणाले, दमून येईल बिचारी, दाराबाहेर कशाला ताटकळायचं? जा, पड जरा."

बिचारी! मी किल्ली घेतली. दार सात पावलांवर होतं आणि माझे पाय मला न विचारता तिकडे वळले. मग मात्र डोकंच फिरलं. किल्ली परत काकूंच्या हातात कोंबली.

"अगं, निघालीस कुठे?"

"मिरजेला."

"किल्ली तर इथं आहे. तिथं आता काय राहिलंय?"

"दहा किलोमीटर!"