मथुराबाईची तयारी

"बाजूला हो रे, डोक्यात बसंल!"

वरून आवाज आला आणि पाठोपाठ पायलीएवढा दगड अंगणात आदळला. योगीराज दोन पावलं मागं सरला. त्याची आई, मथुराबाई, घराच्या पत्र्यावर उकिडवी बसून एकेक दगड खाली ढकलत होती.

"आये, दगड काढल्यावर पत्रं उडतील की!"

"गेल्या साली दगड असून उडाले न्हवं? वारं पत्रा उचलतंय आन् दगड माणसाच्या उरावर. तरी समद्या ईट गावात लोकं दगडंच ठिवत्यात." तिनं हातातली पक्कड दाखवली. "म्या तार वढलीया. पत्र्यातनं तार, तार मेढीच्या खांबाला. आता उडायचं तर घरच उडंल."

योगीराज बायको हर्षालीबरोबर बार्शीला राहायचा. तिथं त्याचं मोटारींच्या बॅटऱ्यांचं दुकान होतं, स्लॅबच्या दोन खोल्या होत्या. गेल्या साली उन्हाळ्याच्या वादळात आईच्या घराचे पत्रे गेले. पुढं भादव्यात ओढ्याचं पाणी घरात शिरलं. तो येऊन पोचला तेव्हा ती शाळेच्या गच्चीवर ओल्या अंगानं बसलेली होती. तेव्हापासून ढग गडगडला की त्याचा डोळा लागत नसे. यंदा मिरगाच्या आत तिला घेऊन जायचंच, असं ठरवून तो मित्राचा छोटा हत्ती टेम्पो घेऊन आला होता. सामान टाकायला.

शिडी धरता धरताच त्यानं विषय काढला. "आये, चल माझ्यासंगं बार्शीला. पावसाळा निघूस्तोवर तरी."

"म्या कशाला येऊ? हितलं समदं सोडून?" ती शेवटच्या पायरीवरून उतरली. "चल, काय काय केलंय ते तर बघ."

ती पुढं, तो मागं.

घराच्या पाठीशी तिनं हातभर खोल चर खणला होता, ओढ्याकडं उतार काढून. लिंबाची पत्र्यावर आलेली फांदी तोडली होती. तिचं सरपण होऊन गौऱ्यांशेजारी ताडपत्रीखाली गेलं होतं. ताडपत्रीच्या कडा मातीत पुरल्या होत्या.

"कुणाला बोलावलंस गं खणायला?"

"कुणाला बोलावू? ज्याला त्याला आपलं घर हाय. रोज सकाळी वाईच खणायचं. जमीन काय पळून जाती व्हय?"

आत तर त्यानं कमरेवर हातच ठेवले. ज्वारीची दोन्ही पिंपं विटांवर चढवलेली, झाकणाला गच्च प्लॅस्टिक बांधलेलं. भांडी धुऊन माळ्यावर पालथी. गोधड्या आढ्याला टांगलेल्या. भुईवर पाण्यानं भिजंल असं काही म्हणून नव्हतं. गॅसची टाकी बंद. चूल नुकती सारवलेली, तिच्यात राखेचा कणही नाही.

"लाइटचं बटण बी खाली पाडून ठिवलंय," ती म्हणाली. "इजेचा भरवसा न्हाय."

योगीराजला हसू आलं. बापाच्या मागं ही बाई एकटी कशी राहील, म्हणून भावकीनं माना हलवल्या होत्या. भावकीचे पत्रे मात्र अजून दगडांखालीच होते.

मथुराबाईनं हातपाय धुतले, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं आणि फडक्यातल्या भाकरी काढल्या. सकाळीच थापलेल्या होत्या, वर शेंगदाण्याचा ठेचा. त्यानं दोन खाल्ल्या. तिनं तिसरी पुढं केली.

"नको आये."

"अर्धी."

"नको गं, खरंच नको."

तिनं अख्खी भाकरी ताटात टाकली. "नको म्हणणाऱ्यालाच वाढायचं असतंय."

त्यानं ती खाल्लीही. भूक होतीच.

हात धुतल्यावर तो तिच्या समोर बसला. "मग काय म्हणतीस? येतीस का? हर्षालीनं तुझी खाट बी लावलीया."

"काय म्हणाली हर्षाली?"

"आत्यांना घेऊनच या म्हणाली."

मथुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नगं बाबा. तुमच्या दोन खोल्या. माझी अडचण कशाला."

  त्याची नजर पिंपांवरून आढ्याकडं, आढ्यावरून तारेच्या पिळांकडं गेली. एक पीळसुद्धा सैल नव्हता. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी हळूहळू उतरत गेलं. उगाच आपण या बाईला लेकरासारखं उचलून न्यायला निघालो, असं त्याला वाटलं.

"बरं, तुझंच खरं," तो उठला. "न्हाय नेत तुला. तुझी तयारी बघून माझं मन निवांत झालं."

मथुराबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग दारातून दिसणाऱ्या आभाळाकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "तयारी तर झालीया."

गाडीपर्यंत ती सोडायला आली. रिकाम्या हौद्यावर हात ठेवून जरा उभी राहिली.

"हर्षालीला सांग..."

"काय सांगू?"

"काय न्हाय. पत्रं बांधलेत म्हणावं."

गावाबाहेर, डांबरी लागायच्या अलीकडं हरणाबाईची वस्ती. हरणाबाई म्हणजे मथुराबाईची जन्माची मैतरीण. ती वाटेवरच उभी होती. तिनं हात केला, योगीराजनं गाडी थांबवली. ती आधी मागं गेली, हौद्यात डोकावली, मग पुढं येऊन त्याच्या शेजारची मोकळी जागा बघितली.

"मथुरा कुठं हाय?"

"घरी. न्हाय म्हणाली, काकू. चांगलं दोनदा इचारलं."

"दोनदा?"

"व्हय. आन् तिची तयारी बघितलीत का तुम्ही? यंदा वादळ आलं तरी घराचं काय वाकडं होत न्हाय. बिनघोर राहील ती."

 हरणाबाईनं कमरेचा बटवा सोडला आणि त्यातली कुलपाची किल्ली काढून तळहातावर धरली.

"आरं, मग दिवाळीपतुर तिच्या घरात सांजचा दिवा लावायला ही मला कशाला देऊन ठिवली तिनं?"